उसनी शैली आणि मृतांचे घर : एट्रुस्कन थडगी व सुरतेतील युरोपीय मकबरे यांचा तौलनिक विचार

प्रास्ताविक

कलेच्या इतिहासात काही समाजांच्या वाट्याला 'अनुकरण करणारे' हे विशेषण येते आणि ते एकदा चिकटले की सहजासहजी निघत नाही. इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या कलेबाबत असेच घडले. ग्रीकांची नक्कल, तीही थोडी कच्ची, असा निकाल युरोपातील अभ्यासकांनी दीर्घकाळ दिला. आपल्याकडे औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याला 'ताजमहालाची नक्कल' म्हणून बाजूला सारले जाते. सुरत शहरात कतारगाम दरवाजाच्या परिसरात इंग्रज, डच आणि आर्मेनियन लोकांची जुनी दफनस्थाने आहेत. त्यांतील घुमटदार वास्तूंकडेही 'मुसलमानी मकबऱ्यांची युरोपीय नक्कल' याच दृष्टीने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात या दृष्टीची चिकित्सा केली आहे. एट्रुस्कन कला आणि सुरतेतील मकबरे यांच्यात काळाचे व देशाचे मोठे अंतर आहे. दोहोंत कोणताही थेट संबंध नाही. तथापि, दोन्ही ठिकाणी मृतांसाठी बांधलेल्या वास्तूच जिवंत माणसांच्या इतिहासाची प्रमुख साक्ष ठरल्या आहेत. दोन्ही ठिकाणी 'हे मूळचे कोणाचे?' या एकाच प्रश्नात टीकाकार अडकले. म्हणून हा तौलनिक विचार उपयुक्त ठरावा.

१. एट्रुस्कन थडगी : घराची सावली

मध्य इटलीत, आर्नो व टायबर या नद्यांच्या दरम्यानच्या प्रदेशात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात एट्रुस्कन संस्कृती भरभराटीस आली व पुढे रोमच्या सत्तेत विलीन झाली. त्यांची घरे व मंदिरे प्रामुख्याने लाकूड, कच्च्या विटा आणि भाजलेल्या मातीची होती. साहजिकच ती काळाच्या ओघात नष्ट झाली. उरली ती मऊ ज्वालामुखी खडकात कोरलेली थडगी. चेर्वेतेरी येथील बांदिताच्चा हे दफनस्थान नगरासारखे आखलेले आहे. त्यात रस्ते आहेत, लहान चौक आहेत, गोल मातीचे उंचवटे आहेत. आत उतरल्यावर छताला दगडातच कोरलेले आढे व वासे दिसतात, भिंतीलगत ओटे दिसतात, काही ठिकाणी दगडी खुर्च्याही आढळतात. लाकडी घर गेले. त्याची दगडी सावली मात्र जमिनीखाली टिकली.

येथील 'उठावचित्रांचे थडगे' या नावाने प्रसिद्ध असलेल्या दालनात खांबांवर व भिंतींवर रोजच्या वापरातील वस्तू गिलाव्यात घडविल्या आहेत. शस्त्रे आहेत, तशी स्वयंपाकघरातील भांडी व हत्यारेही आहेत. तार्क्विनिया येथे सुमारे ६,००० थडगी असून त्यांपैकी २०० च्या आसपास थडग्यांत भित्तिचित्रे आहेत. मेजवानी, नृत्य, वादन, शिकार, मासेमारी हे त्यांचे विषय होत. ही दोन्ही दफनस्थाने २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली.

चेर्वेतेरी येथेच सापडलेली व आता रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात असलेली 'दांपत्याची शवपेटिका' ही भाजलेल्या मातीची कलाकृती इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. पती व पत्नी एकाच मंचकावर रेलून बसले आहेत. मंचकावर रेलण्याची रीत ग्रीक मेजवानीतून आली, हे खरे. परंतु ग्रीक मेजवानीत घरच्या पत्नीला असे स्थान नव्हते, आणि एट्रुस्कन स्त्रिया पुरुषांसोबत भोजनास बसतात याचा ग्रीक लेखकांनी निंदायुक्त उल्लेख केला आहे. म्हणजे रीत उसनी घेतली, पण त्या रीतीत बसलेले माणसांचे नाते एट्रुस्कन राहिले. टीकेच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे.

मंदिरांबाबतही असेच म्हणता येते. रोमन लेखक विट्रुव्हियस याने आपल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाच्या चौथ्या भागात एट्रुस्कन पद्धतीच्या मंदिराची मांडणी सांगितली आहे. उंच जोते, फक्त समोरून चढण्याच्या पायऱ्या, स्तंभांचा खोल दर्शनी मंडप व त्यामागे तीन गाभारे, अशी ती रचना. ग्रीक मंदिराला सर्व बाजूंनी फिरून पाहता येते. एट्रुस्कन मंदिर भाविकाला समोर उभे करते. स्तंभ ग्रीकांच्या स्तंभांशी नाते सांगतात, परंतु वास्तूचा हेतू निराळा आहे.

२. सुरतेतील मकबरे

सुरत हे मोगल काळातील पश्चिम किनाऱ्यावरील अग्रगण्य बंदर. हजयात्रेकरूंची जहाजे येथून सुटत असल्यामुळे त्यास मक्केचे द्वार म्हटले जाई. शहाजहानच्या काळात, १६४४ मध्ये बांधलेली मुगलसराई ही त्या वैभवाची खूण होय. पुढे तेथे सुरत महानगरपालिकेचे कार्यालय आले. इंग्रजांची वखार १६१३ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच डचही येथे स्थिरावले.

या वखारींचे मूळ रूप आज पाहावयास मिळत नाही. सुरतेची जुनी घरे मोठ्या प्रमाणावर लाकडी सांगाड्याची होती. १८३७ च्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला व त्याच वर्षी तापीच्या पुराने उरलेसुरले नुकसान केले. एट्रुस्कन नगरांप्रमाणे येथेही राहती घरे गेली आणि वीट-चुन्याची थडगी टिकली.

इंग्रजांच्या दफनस्थानातील सर्वांत भव्य वास्तू ऑक्झेंडन बंधूंची आहे. ख्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ मध्ये मरण पावला. त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्झेंडन हा सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा त्याने वखार राखली, म्हणून मराठी वाचकास त्याचे नाव परिचित आहे. या प्रसंगानंतर औरंगजेबाने त्यास सन्मानाचा पोशाख पाठविला. मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आल्यावर तेथील कारभारही त्याच्याकडे आला. जुलै १६६९ मध्ये सुरतेत त्याचा मृत्यू झाला. दोघा भावांची स्मारके एकाच दुमजली वास्तूत सामावली आहेत. भक्कम स्तंभ, कमानी, वर जाणारा जिना, सज्जा आणि घुमट असे तिचे रूप आहे. ख्रिस्तोफरच्या लॅटिन मृत्युलेखात जमाखर्चाची भाषा वापरलेली आहे. त्याला वर्षे नव्हे, दिवसच खात्यात मांडता आले, आणि मृत्यूने अचानक हिशेब मागितला, अशा आशयाचा हा मजकूर आहे. घुमट नबाबाचा आणि कतबा व्यापाऱ्याचा, असा हा संयोग आहे.

डच दफनस्थानातील प्रमुख मकबरा हेंड्रिक आद्रियान व्हान रेडे याचा. डच कंपनीचा हा उच्चाधिकारी कोचीनहून सुरतेकडे येत असता डिसेंबर १६९१ मध्ये जहाजावर मरण पावला आणि जानेवारी १६९२ मध्ये सुरतेत त्याचे दफन झाले. त्याचे स्मारकही दुमजली असून स्तंभांच्या ओळी, सज्जे आणि घुमट यांनी ते नटले आहे. आतील भिंतींवर एके काळी रंगीत चित्रे, कुलचिन्हे व बायबलमधील वचने होती. खिडक्यांना कोरीव लाकूडकाम होते. तार्क्विनियाच्या चित्रित दालनांची आठवण व्हावी असाच हा तपशील आहे. फरक एवढाच की जमिनीखाली बंदिस्त राहिलेले रंग टिकले आणि वारा-पावसाला उघडे पडलेले रंग पुसले गेले.

सुरतेजवळ सुवाळी येथे, १६१७ मध्ये मरण पावलेला इंग्रज प्रवासी थॉमस कोर्याट याचे म्हणून परंपरेने ओळखले जाणारे छोटे घुमटदार स्मारकही आहे. ही स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित यादीत आहेत.

३. 'नक्कल' या आक्षेपाची चिकित्सा

या वास्तूंचे नेहमीचे स्पष्टीकरण असे : मोगल उमरावांचे मकबरे पाहून कंपनीच्या अधिकाऱ्यांना तसाच थाट हवासा वाटला, इंग्रजांनी बांधले म्हणून डचांनी त्याहून मोठे बांधले. स्थानिकांवर छाप पाडावी हा हेतू त्यामागे होता. हे स्पष्टीकरण निराधार नाही. ज्या व्यापाऱ्याला बादशहाकडून सन्मानाचा पोशाख मिळतो, त्याच्या मृत्यूनंतरचा मानमरातबही त्याच दरबारी भाषेत व्यक्त व्हावा हे स्वाभाविक आहे. तथापि हे स्पष्टीकरण अपुरे आहे. त्याची कारणे पुढीलप्रमाणे :

अ) इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित माणसाचे दफन चर्चच्या आत, फरशीखाली किंवा भिंतीलगत होत असे. त्याच्या स्मारकाला चर्चचे छप्पर आयते मिळे. सुरतेत हे छप्पर उपलब्ध नव्हते. दफन शहराच्या कडेला, उघड्या जमिनीवर होऊ लागले. तेव्हा कबरीसाठी स्वतंत्र इमारत उभारणे ही गरज झाली. गरज युरोपीय रूढीतून उत्पन्न झाली आणि तिचे उत्तर गुजरातच्या बांधकामपरंपरेत तयार होते.

आ) ही बांधकामपरंपरा स्वतः एकजिनसी नव्हती. अहमदाबादजवळील सरखेजच्या रौजात पंधराव्या शतकातच स्तंभ आणि तुळया यांची स्थानिक पद्धत व घुमट यांचा मेळ बसलेला दिसतो. मंदिरे घडविणाऱ्या हातांनीच मशिदी व रौजे घडविले. सुरतेचा स्वतःचा मरजान शामी रौजाही सोळाव्या शतकातला आहे. म्हणून 'मुसलमानी शैली' असे जे एक नाव दिले जाते, त्याच्या आत पूर्वीच अनेक देणीघेणी झालेली होती. इंग्रज-डचांनी एका 'शुद्ध' शैलीची नक्कल केली असे म्हणणे म्हणूनच वस्तुस्थितीला धरून नाही.

इ) 'मकबरा' या शब्दाचा अर्थ केवळ कबरीचे स्थान, 'रौजा' म्हणजे बाग. या शब्दांत घुमट अभिप्रेत नाही. इस्लामी परंपरेत कबर साधी असावी असा आग्रह आणि तिच्यावर इमारत उभारण्याची राजेशाही रीत, हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी वाहत आले. विशेष म्हणजे ज्या औरंगजेबाच्या राज्यात ऑक्झेंडन व व्हान रेडे यांचे घुमट उभे राहिले, तो स्वतः १७०७ मध्ये मरण पावल्यावर खुलताबाद येथे शेख जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आकाशाखालील साध्या कबरीत विसावला. भोवतालची संगमरवरी जाळी पुढे विसाव्या शतकात आली. बादशहा उघड्यावर आणि त्याच्या बंदरातले परदेशी व्यापारी घुमटाखाली! तेव्हा घुमटाला सरसकट धर्माचे चिन्ह मानणे कितपत योग्य, याचा विचार झाला पाहिजे. सुरतेत तो मुख्यतः दर्जाचे व बांधकामकौशल्याचे चिन्ह होता.

एट्रुस्कन अभ्यासाने या बाबतीत एक उपयुक्त धडा घालून दिला आहे. अठराव्या शतकात विंकेलमान याने कलेचा इतिहास लिहिताना ग्रीकांना शिखरावर बसविले व एट्रुस्कन कलेला खालची पायरी दिली. त्याच काळात उलट चूकही झाली. एट्रुरियातील थडग्यांत सापडलेली रंगीत भांडी 'एट्रुस्कन' समजून त्यांचे कौतुक होई. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुडने १७६९ मध्ये आपल्या कारखान्याला 'एट्रुरिया' हेच नाव दिले. पुढे १८०६ मध्ये लुइजी लांझी याने यांपैकी बरीचशी भांडी ग्रीक असल्याचे दाखविले. म्हणजे एट्रुस्कनांचे जे होते त्याला उसने म्हटले गेले आणि जे उसने होते त्याला एट्रुस्कन! विसाव्या शतकात मास्सिमो पाल्लोत्तिनो या इटालियन विद्वानाने प्रश्नाची दिशाच बदलली. हे लोक कोठून आले यापेक्षा ते कसे घडले हे पाहावे, असे त्याचे प्रतिपादन होते. सुरतेच्या मकबऱ्यांना हाच प्रश्न विचारला तर 'नक्कल' हा शब्द फार काळ टिकत नाही.

४. सुरतेहून इंग्लंडकडे

या वास्तूंचा उलटा प्रवास फारसा परिचित नाही. ब्लेनहाइम राजवाड्याचा पुढे प्रसिद्धीस आलेला वास्तुरचनाकार जॉन व्हॅनब्रू हा तरुणपणी, १६८३ ते १६८५ या काळात, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेस होता. ही गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात विसाव्या शतकाच्या अखेरीस आली. १७११ मध्ये लंडनला पन्नास नवी चर्च बांधण्याचा विचार चालू असता त्याने एक टिपण सादर केले. मृतांना चर्चमध्ये पुरण्याऐवजी शहराबाहेर प्रशस्त दफनस्थाने करावीत आणि तेथे भव्य स्मारके उभी राहू द्यावीत, असे त्याने सुचविले, आणि उदाहरण म्हणून सुरतेतील इंग्रजांच्या रीतीचा दाखला देऊन तेथील दफनस्थानाचे रेखाटनही जोडले. त्याच्याच कॅसल हॉवर्ड या वास्तूच्या परिसरात पुढे हॉक्समूर याच्या आराखड्यानुसार १७२९ पासून स्वतंत्र मकबरा बांधण्यात आला.

गुजरातच्या कारागिरांनी परक्यांसाठी बांधलेले घुमट अशा रीतीने इंग्लंडमधील चर्चेत आदर्श म्हणून मांडले गेले. जी वास्तू इकडे 'नक्कल' म्हणून हिणवली जाते, तीच तिकडे नवा मार्ग दाखविणारी ठरते. अर्थात याचे सर्व श्रेय सुरतेला देणेही अतिशयोक्तीचे होईल. व्हॅनब्रूसमोर रोमन थडग्यांचा आदर्शही होताच. परंतु प्रत्यक्ष पाहिलेले, चालतेबोलते उदाहरण सुरतेचे होते.

५. कारागिराच्या नावाचा प्रश्न

ज्यांनी हे उभारले त्यांची नावे कोठे आहेत, हा यापुढचा प्रश्न होय. एट्रुस्कन कलावंतांपैकी नावाने परिचित असलेला जवळपास एकमेव शिल्पकार म्हणजे व्हेई नगराचा व्हुल्का. रोमच्या मंदिरातील ज्युपिटरची मूर्ती घडविण्यासाठी त्याला बोलाविल्याचे रोमन लेखक प्लिनी सांगतो. १९१६ मध्ये व्हेई येथे सापडलेली अपोलोची प्रसिद्ध मृण्मूर्ती त्याच्या परंपरेतली मानली जाते. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर मात्र अताउल्ला आणि हंसपत राय ही वास्तुकार व अभियंत्याची नावे कोरलेली आहेत. एक मुसलमान, एक हिंदू. ताजशी तुलना करून या इमारतीला नापास करणाऱ्यांनी हा दरवाजा क्वचितच वाचला असेल.

सुरतेच्या मकबऱ्यांवर लॅटिन आहे, डच आहे, पदव्या आहेत, कुलचिन्हे होती. ज्या कडिया, सलाट व सुतारांनी विटा, दगड, चुना आणि लाकूड यांना आकार दिला त्यांचा उल्लेख नाही. व्हान रेडेच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. मलबारमध्ये अधिकारपदावर असताना त्याने तेथील वनस्पतींचा 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला. त्याचे प्रकाशन आम्स्टरडॅम येथे १६७८ पासून सुरू झाले. त्याच्या पहिल्या खंडात स्थानिक वैद्य इट्टी अच्युतन यांचे निवेदन आहे, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी ब्राह्मणांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्रही छापलेले आहे. वनस्पतींची नावे मल्याळम, अरबी, नागरी व रोमन लिप्यांत दिली आहेत. ज्या माणसाच्या ग्रंथाने स्थानिक जाणकारांची साक्ष त्यांच्याच लिपीत जपली, त्याच्याच मकबऱ्यावर तो बांधणाऱ्या एकाही हाताची नोंद नसावी, ही विसंगती अंतर्मुख करणारी आहे.

६. तुलनेच्या मर्यादा

या तुलनेला मर्यादा आहेत. एट्रुस्कन थडग्यांमागे संपूर्ण समाजाची शतकानुशतकांची श्रद्धा होती. मृताला त्याच्या घरासारखे घर द्यावे हा त्यामागील भाव दिसतो. सुरतेचे मकबरे मूठभर परक्या माणसांचे, दीड-दोन शतकांतले. त्यांना आपले घर येथे नव्हते. घराचे दगडी रूप उभारावे असेही नव्हते. त्यांनी इकडचाच मृत्यूचा वेष धारण केला. शिवाय दोन्ही ठिकाणी जे टिकले ते सधनांचे. तार्क्विनियाच्या हजारो थडग्यांपैकी थोडीच चित्रित आहेत. सुरतेतही मोठ्या घुमटांच्या सावलीत अनेक साध्या कबरी आहेत. वास्तूचा अभ्यास करताना घुमटाकडे मान वर करून पाहणाऱ्याने खाली पाहण्यासही विसरू नये.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'ही शैली कोणाची?' हा प्रश्न वास्तूच्या आकलनाला पुरेसा नाही. किंबहुना तो अनेकदा आकलनाच्या आड येतो. वास्तूला आधी एका धर्माचे वा देशाचे नाव द्यायचे आणि मग ती त्या नावात नीट बसत नाही म्हणून तिला कमअस्सल ठरवायचे, ही रीत एट्रुस्कनांवर अन्याय करून गेली, बीबी का मकबऱ्यावर करीत आली आणि सुरतेच्या मकबऱ्यांवरही करते. आज स्मारकांच्या मालकीवरून समाजात कटुता वाढत असताना तिचे परिणाम केवळ कलासमीक्षेपुरते राहत नाहीत. ख्रिस्ती व्यापाऱ्याची कबर, मोगल बंदरातील प्रतिष्ठेची कल्पना, गुजराती कारागिरांचे हात आणि लॅटिन मृत्युलेख, यांपैकी काहीही वजा केले तर ऑक्झेंडन बंधूंची वास्तू उभी राहू शकत नाही.

सुरतेत उर्दू, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषा बोलणारे विद्यार्थी आहेत. इतिहास, भाषा व स्थापत्य या विषयांच्या विद्यार्थ्यांनी या दफनस्थानांतील कतब्यांचे वाचन, बांधकामाच्या तपशिलांची नोंद आणि शहरातील रौजांशी त्यांची तुलना हाती घेतल्यास ते काम मोलाचे ठरेल. भिंतींवरील रंग गेले आहेत. गिलाव्याचेही आयुष्य असतेच. चेर्वेतेरीच्या खडकाइतका टिकाऊपणा वीट-चुन्याच्या अंगी नाही, म्हणून ही नोंद लवकर होणे आवश्यक आहे.